मानधन : एका शब्दाची पळवाट

'समाजकार्यात हल्ली माणसे टिकत नाहीत' हे वाक्य सत्कारसमारंभांत, वर्धापनदिनाच्या भाषणांत आणि दिवाळी अंकांतल्या मुलाखतींत इतक्या वेळा कानी पडते, की ते विधान आहे की विलाप हेच कळेनासे झाले आहे. वाक्याचा उत्तरार्धही ठरलेला असतो. पूर्वीच्या पिढीपाशी ध्येयवाद होता, आजच्या मुलांना पॅकेज हवे असते. समाजकार्याची पदवी घेतात, दोन वर्षे वस्तीत नाहीतर पाड्यावर काढतात आणि मग एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व विभागात जाऊन बसतात. श्रोते माना हलवतात. व्यासपीठावरचे ज्येष्ठ खंतावतात. जो सोडून गेला तो मात्र त्या सभागृहात नसतो. त्याला पगार किती होता, तो किती महिने थकला होता, त्याच्याकडे एका वेळी किती प्रकरणे होती, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. समाजकार्य हा आमचा विषय नव्हे, असे कुणी म्हणेल. पण या प्रश्नावर ज्या शब्दांनी पडदा टाकला आहे ते शब्द आमच्याच विषयातले आहेत: सेवा, त्याग, व्रत, समर्पण, समाधान, आणि या सर्वांच्या वतीने व्यवहार पाहणारा त्यांचा कारकून, 'मानधन'. ज्या चरित्रांतून आणि आत्मकथनांतून हे शब्द रुजले ती आम्हीच वर्गात शिकवतो. तेव्हा आमचे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो. समाजकार्यातून माणसे निघून जातात याचे कारण त्यांच्या निष्ठेत शोधणे अन्यायाचे आहे. ते कारण त्यांच्याशी केलेल्या करारात आहे; आणि मराठीने त्या कराराला इतकी सोज्ज्वळ वस्त्रे नेसवली आहेत, की तो करार आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

कर्मचारी सोडून जाण्याला कार्यालयीन मराठीत 'गळती' म्हणतात. शब्द चांगला आहे, फक्त तो नीट वाचायला हवा. गळते ते पाणी. भोक असते ते हंड्याला. शाळा सोडणाऱ्या मुलांविषयी हाच शब्द वापरताना शिक्षणक्षेत्राने बऱ्याच वादानंतर एवढे तरी मान्य केले, की मूल शाळा सोडते त्याआधी बहुधा शाळेने मुलाला सोडलेले असते. समाजकार्याच्या बाबतीत आपण अजून पाण्यालाच दोष देत बसलो आहोत.

१

आधी 'मानधन' या शब्दाकडे पाहू. संस्कृतात तो माणसाचे विशेषण म्हणून येतो: मान हेच ज्याचे धन आहे असा. भारवीच्या 'किरातार्जुनीया'च्या पहिल्या सर्गात वनेचर हेर युधिष्ठिराला दुर्योधनाच्या राज्यकारभाराची खबर देतो, तेव्हा दुर्योधनाच्या योद्ध्यांना त्याने हे विशेषण लावले आहे. पण भारवी हा राजनीती जाणणारा कवी. त्याच श्लोकात तो हेर सांगतो, की या मानी वीरांचा धनानेही सत्कार झालेला आहे. आणि असे हे वीर प्राण वेचूनही धन्याचे हित साधू पाहतात. मान देणे हा धन न देण्याचा बहाणा होऊ शकत नाही, एवढे दुर्योधनालाही कळत होते.

आजच्या मराठीत हा शब्द उलटा झाला. माणसाचे विशेषण रकमेचे नाव बनले. मान मोठा, म्हणून धन थोडे, असा त्याचा हिशेब. 'पगार' हा पोर्तुगिजांकडून आलेला साधा शब्द. पण त्याची तारीख विचारता येते, तो थकला तर तगादा लावता येतो, वाढवून मागता येतो. मानधन वाढवून मागितले की मागणाऱ्याचाच मान कमी होतो. या एका शब्दाने किती पैसे वाचवले आहेत, याचा हिशेब कुणा अर्थशास्त्रज्ञाने मांडायला हवा.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. गांधीजयंतीचा दिवस, आणि अंगणवाडी चालवणाऱ्या स्त्रीचे नाव ठरले 'सेविका'. पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर 'आशा' आल्या. मराठीत त्या 'आशा स्वयंसेविका' झाल्या. या स्त्रिया पदवीधर समाजकार्यकर्त्या नव्हेत, हे खरे. पण कुपोषित मूल हेरणे, बाळंतिणीला दवाखान्यात नेणे, घराघरांतल्या नकाराशी रोज बोलत राहणे, हे गावपातळीवरचे समाजकार्य करणारी सर्वांत मोठी फौज त्यांचीच आहे. नावातच सेवा असल्यावर नोकरी कशी असेल? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात अंगणवाडी सेविकांचे पद हे शासकीय नागरी पद नव्हे, असाच निर्णय दिला. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावे अशी शिफारस केली. ती शिफारसच राहिली.

मग २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ चा उपदान कायदा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा, लागू होतो असे ठरवले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा निकाल शब्दार्थाचा नमुना म्हणून जरूर वाचावा. कायद्यातल्या 'वेतन' या संज्ञेची व्याप्ती मोठी आहे आणि ज्याला मानधन म्हटले जाते तेही तिच्यात येते, असे न्यायालयाने म्हटले. काम करून मिळते ते वेतन. त्याला नाव काहीही द्या. सत्तेचाळीस वर्षे एका शब्दाआड दडलेली गोष्ट अशी एका परिच्छेदात उघडी पडली.

गडचिरोलीतले उदाहरण तर आपल्या घरचेच. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो शोधनिबंध छापला. २०११ मध्ये ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रम बनली आणि आशांकडे सोपवली गेली. बाळ दवाखान्यात जन्मले असेल तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी जन्मले असेल तर सात. आणि सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये. म्हणजे भेटीला साधारण चाळीस रुपये. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. मान जिनिव्हाहून आला. धन चाळीस रुपयांच्या पुढे गेले नव्हते. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी ४ डिसेंबर २०२३ पासून सुमारे पन्नास दिवस संप केला, तेव्हा 'बालकांना वेठीस धरले' अशी भाषा ऐकू आली. सेवेच्या व्याकरणात संप हे क्रियापद नसतेच.

२

येथे कुणी म्हणेल, की त्यागाची परंपरा महाराष्ट्राची शान आहे, तिची टिंगल का करता? टिंगल आम्ही करीत नाही. आमची तक्रार अशी आहे, की ती परंपरा अर्धीच सांगितली जाते.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवण्याची शपथ घ्यायची असे. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बाबतीत दरमहा पंचाहत्तर रुपयांचा आकडा सर्वश्रुत आहे. हा त्याग होता, यात शंका नाही. पण त्याची दुसरी बाजू पाहा. सभासद वीस वर्षांनी संस्थेशी बांधलेला, तशी संस्थाही वीस वर्षांनी सभासदाशी बांधलेली. शिवाय तो संस्थेचा चालकच. वेतन किती असावे या चर्चेत त्याला मत होते. १९०५ मध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला. त्याच्या सात शपथांपैकी एक अशी, की सेवक स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही आणि आपल्यासाठी व कुटुंबासाठी समाज जी तरतूद करील तिच्यात संतुष्ट राहील. लोक 'संतुष्ट' एवढाच शब्द लक्षात ठेवतात. 'कुटुंबासाठी तरतूद' हे शब्द विसरतात. गोखल्यांनी सेवकाकडे समाधान मागितले ते संस्थेने जबाबदारी उचलल्यानंतर.

आणि या परंपरेतला पहिला गाजलेला राजीनामा? तो १८९० चा, लोकमान्य टिळकांचा. वेतन किती घ्यावे, आजीव सभासदाने बाहेरची सशुल्क कामे करावीत की नाहीत, यावरून झालेल्या वादांचा तो शेवट होता. टिळक, आगरकर, गोखले यांच्यापैकी कुणाच्याही निष्ठेविषयी आजवर कुणी शंका घेतलेली नाही. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत निष्ठावंत माणसांनाही पैशाचा आणि सेवाशर्तींचा प्रश्न सोडवावा लागला होता, त्यावरून भांडावे लागले होते, आणि एकाला बाहेर पडावे लागले होते. टिळकांना 'टिकले नाहीत' असे कुणी म्हणत नाही. हा शब्द आपण तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या तिशीतल्या मुलीसाठी राखून ठेवतो.

फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला १८९१ मध्ये आले ते धोंडो केशव कर्वे. हिंगण्याच्या कामामागे त्यांच्या प्राध्यापकीच्या नियमित पगाराचा आधार होता. त्यांच्या दानाचा संसारावर पडलेला ताण आनंदीबाई कर्व्यांच्या 'माझे पुराण'मध्ये वाचायला मिळतो. ज्यांना त्याग हा एकट्या नायकाचा पराक्रम वाटतो त्यांनी ते पुस्तक अवश्य उघडावे. घरातले दुसरे माणूस त्या त्यागाची परतफेड करीत असते.

याच परंपरेतले ना. म. जोशी तर समाजकार्याच्या आणि साहित्याच्या अशा दोन्ही अभ्यासक्रमांतून जवळजवळ गायबच झाले आहेत. भारत सेवक समाजाचे हे सदस्य. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. आणि १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांत तेच होते. सेवा करणाऱ्या माणसाला कामगार संघटना अपवित्र वाटली नाही. सेवा आणि संघटना यांच्यात विरोध आहे, ही समजूत नंतरची आहे आणि ती सोयीची आहे.

तात्पर्य, जुन्या पिढीचा त्याग दोन्ही बाजूंच्या कराराचा होता. आज मागितला जातो तो त्याग कर्व्यांच्या मापाचा, आणि दिला जातो तो करार अकरा महिन्यांचा.

३

समाजकार्य हा शिकून करायचा व्यवसाय आहे, हे भारतात पहिल्यांदा मुंबईतच मान्य झाले. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता नेमला गेला. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला आणि मारहाण सोसणाऱ्या बाईला पोलीस यंत्रणेच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती भेटू लागली. १९९६ मध्ये याच शहरात चाइल्डलाइनची १०९८ ही हाक सुरू झाली. एवढा इतिहास असलेल्या व्यवसायाला आज काय मिळते?

केंद्र शासनाच्या 'मिशन वात्सल्य' योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना घ्या. बालसंरक्षणाची ही देशातली मुख्य योजना. तिच्या जिल्हा कक्षांतली भरती कंत्राटी. तिथे समाजकार्यकर्त्याला दरमहा एकत्रित १८,५३६ रुपये ठरले. लेखापालालाही तेवढेच. कार्यालयात बसून माहिती संगणकात भरणाऱ्या सहायकाला १३,२४०. आणि आउटरीच वर्करला, म्हणजे वस्तीत जाऊन मूल शोधणाऱ्या, बालविवाहाच्या मांडवात उभे राहणाऱ्या माणसाला, १०,५९२. मुलाची नोंद करणाऱ्यापेक्षा मुलापर्यंत जाणाऱ्याला अडीच हजारांहून अधिक कमी. डेटा भरणाऱ्याबद्दल आमची तक्रार नाही. त्यालाही कमीच मिळते. पण हा तक्ता कोणत्याही निबंधापेक्षा स्पष्ट बोलतो. आपल्या लेखी मुलापेक्षा मुलाची नोंद महत्त्वाची आहे. असा पगार घेऊन कुणी दोन वर्षांत दुसरीकडे गेले, तर त्याला ध्येयशून्य म्हणायला जीभ रेटते कशी?

निधी जिथून येतो तिथली भाषाही पाहावी. विदेशी योगदान नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या नियमांत 'चालू प्रकल्प' म्हणजे आरंभाचे आर्थिक वर्ष सोडून फार तर तीन वर्षांचा प्रकल्प. देणाऱ्याला विहीर हवी असते, शाळेची खोली हवी असते, नामफलक हवा असतो. माणसाचा पगार त्याला 'वरखर्च' वाटतो. पण समाजकार्यात माणूस हाच कार्यक्रम असतो. दवाखान्यातून औषध काढून घ्या आणि इमारत दाखवा, असे कुणी म्हणत नाही. समुपदेशनातून समुपदेशक काढून घ्या आणि अहवाल दाखवा, असे मात्र रोज म्हटले जाते.

२०२३ मध्ये चाइल्डलाइनची यंत्रणा शासनाने आपल्याकडे घेतली आणि वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या संस्थांच्या चमूंकडून ते गेले. २८ जून २०२४ रोजी तर खुद्द टाटा समाजविज्ञान संस्थेत सुमारे ५५ अध्यापकांना आणि ६० शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना करार पुढे चालू राहणार नसल्याच्या नोटिसा मिळाल्या. टाटा एज्युकेशन ट्रस्टने निधीचे आश्वासन दिल्यावर दोन दिवसांत त्या मागे घेतल्या गेल्या. जिथे समाजकार्य शिकवले जाते तिथला शिकवणाराही शुक्रवारी नोकरीत नव्हता आणि रविवारी होता. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत, हे त्यांचे वार्षिक व्याकरण आहे. त्यांनाही 'ज्ञानदान' हा शब्द भेट म्हणून मिळालेला आहेच.

४

'पण या कामात समाधान किती आहे!' हा शेवटचा युक्तिवाद. त्याचे उत्तर साठ वर्षांपूर्वीच मिळाले आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या अभियंत्यांशी आणि लेखापालांशी बोलून १९५९ मध्ये जे मांडले ते असे: समाधान आणि असमाधान ही एकाच काट्याची दोन टोके नव्हेत. समाधान कामातून येते. असमाधान येते ते पगार, देखरेख, धोरण, कामाची परिस्थिती यांतून. माणूस कामावर जीव टाकत असतो आणि त्याच वेळी नोकरीने पिचलेला असतो. 'मला हे काम आवडते, पण ही नोकरी मी करू शकत नाही' हे वाक्य म्हणूनच विसंगत नाही. त्यातल्या पहिल्या अर्ध्यावर टाळ्या वाजवून दुसरा अर्धा ऐकायचा नाही, असे आपण ठरवले आहे.

आमच्या संतपरंपरेत समाधान हा मोठा शब्द आहे. ते साधनेचे फळ आहे, आणि ज्याने त्याने स्वतःपुरते मिळवायचे आहे. ते दुसऱ्याला मागण्याचा अधिकार कुणालाच नाही. मालकाला तर नाहीच. तुकोबांनी समाधान सांगितले ते स्वतःच्या चित्ताला. एखाद्या संस्थेच्या कार्यकारी मंडळाने ते आपल्या कर्मचाऱ्यांना सांगणे याला अध्यात्म म्हणत नाहीत. ती काटकसर आहे. थकून कोसळणाऱ्या कार्यकर्त्याला योगशिबिराला पाठवणे हाही त्याचाच भाग. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. म्हणजे उपचार कामाच्या जागेवर करायचा आहे.

या गळतीची खरी किंमत कार्यकर्ता देत नाहीच. तो दुसरी नोकरी शोधतो. किंमत देते ती बालगृहातली मुलगी. समाजकार्याच्या शास्त्रात मेरी रिचमंडच्या १९१७ च्या ग्रंथापासून माणसाची हकीकत नीट ऐकणे हे पहिले कौशल्य मानले गेले; फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ मध्ये तर कार्यकर्ता आणि व्यक्ती यांच्यातले नाते हाच या कामाचा गाभा मानला. आता कल्पना करा: तीन वर्षांत चार समुपदेशक बदलले. बापाने काय केले हे त्या मुलीने चार वेळा, चार अनोळखी चेहऱ्यांना सांगायचे. चौथ्या वेळी ती गप्प बसते, आणि नोंदवहीत शेरा पडतो: 'सहकार्य करीत नाही.' विश्वास टाकावा तो माणूस निघून जातो, हा धडा तिला घराने आधीच दिलेला होता. आता त्याच धड्यावर व्यवस्थेची मोहर उठली. समाजकार्यातल्या नोकरीच्या शर्ती हा संस्थेचा अंतर्गत मामला नाही, असे आम्ही म्हणतो ते या मुलीसाठी.

५

आता आमच्या विषयाकडे येऊ. मराठीत समाजकार्यावरचे लेखन विपुल आहे आणि त्यातले काही फार चांगले आहे. साधनाताई आमट्यांची 'समिधा', प्रकाश आमट्यांच्या 'प्रकाशवाटा', अनिल अवचटांचे 'कार्यरत' ही पुस्तके वाचून कितीतरी मुले या क्षेत्राकडे वळली. त्या माणसांविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण या वाङ्मयप्रकाराची म्हणून एक चौकट तयार झाली आहे: एक दाम्पत्य, एक ओसाड माळ किंवा जंगल, सुरुवातीचा विरोध, मग श्रद्धा, मग पुरस्कार. सहकारी येतात ते ऋणनिर्देशात. पगारी कर्मचारी क्वचितच येतो, आणि सोडून गेलेला तर नाहीच. संस्थापकाचे आयुष्य हेच समाजकार्याचे एकमेव कथानक ठरले, की पगारावर काम करणारा प्रत्येक जण त्या कथानकाची फसलेली आवृत्ती वाटू लागतो. बाबा आमट्यांशी तुलना करून कुणाही तिशीतल्या मुलाला नापास करता येते.

याला छेद देणारे पुस्तक मराठीत आहे, आणि ते जुने आहे. विभावरी शिरूरकरांची 'बळी' ही कादंबरी १९५० ची. मालतीबाई बेडेकर १९३७ नंतर सुमारे तीन वर्षे सोलापूरला, तथाकथित गुन्हेगार जमातींसाठी शासनाने चालवलेल्या वसाहतीत अधिकारी म्हणून नोकरीला होत्या. त्या आश्रमाच्या संस्थापक नव्हत्या, व्रतस्थ नव्हत्या. पगार घेत होत्या, आणि नंतर ती नोकरी त्यांनी सोडली. तारेच्या कुंपणाआडचे माणसांचे जिणे ज्या निष्ठुर सच्चेपणाने 'बळी'त आले ते कौतुकाच्या चरित्रात येणे शक्य नव्हते. पगाराने संवेदना बोथट होते असे म्हणणाऱ्यांना 'बळी' हे सडेतोड उत्तर आहे. सोडून जाणारा काहीतरी पाहून जातो. त्याचे ऐकले असते तर हंड्याचे भोक कुठे आहे ते केव्हाच कळले असते.

दोन आक्षेपांना उत्तर देऊन थांबतो. पहिला: संस्थांकडे पैसाच नाही. मान्य. मग 'पैसा नाही' असे म्हणा, 'आमच्याकडे सेवाभाव चालतो' असे म्हणू नका. टंचाईला टंचाई म्हटले तर देणाऱ्याकडे पगारासाठी पैसा मागता येतो. तिला मूल्य म्हटले की मागण्याची वाटच बंद होते. दुसरा: पगार वाढवला तरी माणसे जातील. काही जातीलच; जाणे हा त्यांचा हक्क आहे. पण कायम नेमणूक, मोजकी प्रकरणे, अनुभवी माणसाची देखरेख आणि निर्णयात मत एवढे देऊन पाहिले आणि तरी माणसे राहिली नाहीत, असे सांगणारी संस्था पुढे आली तर तिचे आम्ही आदराने ऐकू. दिले नाही आणि राहिले नाहीत, हा काही सिद्धान्त नव्हे.

वकिलांना, डॉक्टरांना, परिचारिकांना वैधानिक परिषद आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांना अनुसूचीत जागा दिली. बाकी साऱ्या समाजकार्याला अशी परिषद नाही. ती मागणी समाजकार्याच्या संघटनांनी लढवायची आहे. आमच्या हातात आहे ते छोटे, पण आमचेच काम. गौरवग्रंथाचे संपादन आमच्याकडे येते. त्यात पगारी कार्यकर्त्यांची नावे, त्यांची सेवेची वर्षे आणि सोडून गेलेल्यांचे लेख मागून घ्यावेत. पुरस्कार समित्यांवर आम्ही बसतो. संस्थेच्या कार्याबरोबर गेल्या पाच वर्षांत किती माणसे गेली आणि शेवटच्या कार्यकर्त्याला किती पगार मिळतो, हे दोन आकडे मागावेत आणि ते न देणाऱ्याचा अर्ज बाजूला ठेवावा. 'प्रकाशवाटा' शिकवताना शेजारी 'बळी' ठेवावी. आणि निमंत्रणपत्रिका, अहवाल, जाहिराती यांची मराठी तपासायला आमच्याकडे येते, तेव्हा जिथे काम करून पैसे मिळतात तिथे 'मानधन' खोडून 'वेतन' लिहावे. लाल पेन आमच्या हातात असते. ते शुद्धलेखनापुरतेच वापरावे, असा काही नियम नाही.